आधी टेकडीला सांगायचं

शेजारच्या युनिटमध्ये नवीन जोडपं राहायला आलंय, पुण्याचं. मुलगी गोड आहे, मुलगा जरा घाईचा. आल्या आल्या त्यांनी मागच्या अंगणात मेथी लावायचं ठरवलं, कुदळ मारली आणि पहिल्याच वाफ्यात हाडं निघाली. एखाददुसरं नाही, चांगली घमेलंभर. मुलाने कुदळ टाकली आणि थेट पोलिसांना फोन लावला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघतेय, तर दोन पोलीस वाकून वाकून बघतायत आणि मुलगी तोंडावर ओढणी धरून उभी. म्हटलं, आता गेलंच पाहिजे.

गेले आणि सांगितलं, "बोकडाची आहेत. आमच्या रविवारच्या मटणातली."

"मग यांच्या अंगणात कशी आली?" एका पोलिसाने विचारलं.

"इथे आधी एक बाई राहायची. तिने पुरली."

"कशाला?"

"युनीतल्या मुलांना शिकवायला."

तो "नो वरीज" म्हणाला, टोपी सारखी केली आणि दोघं निघून गेले. त्या मुलीला मी पाणी दिलं, मुलाला म्हटलं, मेथी छान येईल बघ, माती कसदार आहे. सगळं निस्तरून घरी आले खरी, पण हातून काही काम होईना. बरेच दिवस झाले होते, मी तिचं नाव तोंडाने घेतलं नव्हतं. अकाई.

नाव ऐकून मला आधी ती आपल्याकडचीच वाटली होती. निखिल, म्हणजे माझा मुलगा, म्हणाला की शेजारी डॉक्टर अकाई म्हणून कोणी राहायला आल्यात. मी मनात म्हटलं, कराड-इस्लामपूरकडची कोणी अक्का असेल, चला, परदेशातल्या या क्लेटनमध्ये बोलायला माणूस मिळालं. डब्यात शिरा भरून दारात गेले, तर समोर माझ्याहून हातभर उंच बाई. काळीभोर, केस अगदी डोक्यालगत कापलेले, गळ्यात मण्यांच्या माळांचा थर, पायात पुरुषी बूट. केनियाच्या उत्तरेकडची, तिकडच्या मोठ्या सरोवराकाठची. मी डॉक्टर म्हणून तिला माझा गुडघा दाखवला. तिने तो दोन्ही हातांनी नीट चाचपला, वाकवला, सरळ केला आणि म्हणाली, "फार सुरेख गुडघा आहे. पण मी मेलेल्या गुडघ्यांची डॉक्टर आहे."

माणूस माणूस कसा झाला आणि कुठे कुठे झाला, याचा शोध घेणारी डॉक्टर होती ती. इथल्या युनीत, म्हणजे विद्यापीठात, शिकवायची, आणि वर्षातले काही महिने आपल्या गावाकडे जाऊन उन्हातान्हात जुनी हाडं शोधायची. मी सातवी पास. पुढचं काय ते वाचनालयातल्या पुस्तकांनी आणि वाणसामानाच्या पुड्यांच्या कागदांनी शिकवलं. त्यामुळे मला तिचं सगळं पटकन समजायचं असं नाही, पण ती सांगायची असं की, समजलं नाही तरी ऐकत राहावं.

आता ती हाडं. आमच्याकडे रविवारी मटण, कोल्हापूर सोडलं तरी तेवढं सुटलेलं नाही. एका रविवारी ही कुंपणापलीकडून म्हणाली, "मामा निखिल, वास येतोय. हाडं टाकू नकोस." तिच्या भाषेत मामा म्हणजे आई, आणि बाईला मुलाच्या नावाने हाक मारायची पद्धत. निखिलचे मित्र मात्र बरेच दिवस समजत होते की ती निखिललाच मामा म्हणते. तर मी तिला जेवायलाच बोलावलं. जेवली पोटभर, तांबडा रस्सा डोळ्यांतून पाणी काढत प्यायली, पण सगळं लक्ष निखिलच्या ताटाकडे. तो नळी ताटावर आपटून आतला गर काढत होता. ही खुर्चीवरून उठून त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

"परत आपट," म्हणाली. "तसंच. नाही, मनगट आधी होतं तसंच ठेव."

निखिल इंजिनियर माणूस, पण त्या दिवशी लाजून लाल झाला. "आई, हिला सांग ना, मला जेवू दे."

पुढे दर रविवारी हाडं तिच्याकडे. ती उकडायची, पुरायची, काही महिन्यांनी काढायची आणि मुलांपुढे ठेवायची: हे खाटकाच्या करवतीचं, हे कुत्र्याच्या दातांचं, आणि हे निखिलचं. लाखो वर्षांपूर्वीच्या हाडावरची खूण ओळखायची तर आधी कालच्या हाडावरची ओळखता यायला हवी, असं तिचं म्हणणं. निखिल युनीत न शिकवताच तिथे नावारूपाला आला.

तिच्या चालण्याची एक तऱ्हा होती. रस्त्याने निघाली की नजर जमिनीवर, पावलं सावकाश. काही दिसलं तर थांबणार, भोवती फिरणार, उचलणार मात्र नाही. एकदा आम्ही सगळे समुद्रावर गेलो होतो. निखिलने वाळूतून एक धारदार दगड उचलला आणि तिला दाखवायला घेऊन आला. चेहराच उतरला तिचा. "कुठून उचललास?" त्याने हात करून दाखवलं. "तिथून म्हणजे कुठून? कोणती बाजू वर होती?" तिने त्याला परत नेलं आणि तो दगड होता तसा, होता तिथे ठेवायला लावला. "हा इथल्या मूळ लोकांचा किनारा आहे," ती म्हणाली. "त्यांना विचारलंस का? आणि दगड जागेवरून हलला की त्याचं अर्धं बोलणं बंद होतं." केतकी, माझी सून, माझ्या कानात म्हणाली, "एका दगडासाठी केवढं ते." मलाही तेव्हा तसंच वाटलं.

पण बाई सगळ्यातच तशी होती. आमच्या कढीपत्त्याचं झाड कुंपणाला लागून, फांद्या अर्ध्या तिच्या बाजूला. तिला तो वास आवडायचा, ती भाजीत घालायची. पण प्रत्येक वेळी कुंपणाशी उभी राहून विचारायची, "मामा निखिल, दोन पानं घेऊ?"

"रोज काय विचारतेस गं? घे की."

"काल हो म्हणालीस. आजचं मला कसं माहीत?"

मी थट्टेने एकदा नाही म्हणाले. तर बाई "बरं" म्हणून खरंच आत गेली. मलाच पानं घेऊन तिच्या दारात जावं लागलं.

माझ्या नातीच्या, इराच्या शाळेत तिला एकदा बोलवलं होतं. मीही गेले होते. वर्गात भिंतीवर ते नेहमीचं चित्र: डावीकडे वाकलेलं माकड, मग जरा सरळ, मग आणखी सरळ, आणि शेवटी भाला घेतलेला गोरा, दाढीवाला बाप्या. अकाई त्या चित्रापुढे बराच वेळ उभी राहिली. मग मुलांना विचारलं, "यात तुमची आजी कोणती?"

मुलं हसली. एक म्हणाला, त्याची आजी पर्थला असते.

"म्हणजे या रांगेत एकही आजी नाही. मग ही माणसं आली कुठून?" असं म्हणून तिने सगळ्यांना बाहेर नेलं, वाळूच्या खड्ड्यावर पाण्याची बादली सावकाश ओतली. पाण्याचे ओघळ फुटले, वेगळे झाले, पुढे जाऊन काही मिळाले, काही वाळूत जिरले. "असं झालं," ती म्हणाली. "रांग नव्हती. आफ्रिकेत इथे थोडे लोक होते, तिथे थोडे होते. भेटले, दुरावले, परत भेटले. काही जिरून गेले. अमुक एका जागी एके दिवशी माणूस झाला, असं नाही." मुलांचे बूट चिखलाने भरले, वर्गाच्या बाईंचं तोंड बारीक झालं, पण पोरं खूश.

घरी येताना इरा म्हणाली, "आजी, वी आर ऑल फ्रॉम अकाईज प्लेस."

"आणि मग आपलं देवक?" मी म्हटलं.

संध्याकाळी मी अकाईला देवक समजावून सांगितलं, की प्रत्येक कुळाचं एक झाड असतं किंवा पान असतं, लग्नात ते पुजायचं, एका देवकात सोयरीक करायची नाही. तिला केवढा आनंद झाला. त्यांच्यात म्हणे प्रत्येक कुळाची जनावरांवर डागायची खूण वेगळी, आणि लग्न ठरवताना आधी खूण विचारतात. "बघ," म्हणाली, "आपण एकमेकींना न ओळखता एकच काळजी करत होतो."

आमच्या बायकांच्या मंडळात मात्र सगळ्यांना असा आनंद झाला नाही. मी तिला एका जेवणाला घेऊन गेले होते. सुलभा म्हणून एक आहे, तोंडाने फटकळ. तिने वाढता वाढता मराठीत विचारलं, "शैलाताई, मग काय, आपण सगळे हबशी म्हणायचे?"

दोघी-तिघी हसल्या. अकाईला शब्द कळला नाही, सूर कळला. "काय म्हणते ती?"

"विचारतेय, आपण नातेवाईक आहोत का."

"सांग तिला," अकाई भात कालवत म्हणाली, "मलाही ते जड जातंय."

मी सांगितलं. सुलभाने मग अकाईच्या पानात पुरण जरा जास्तच वाढलं.  पण घर आल्यावर अकाई म्हणाली, "तुझ्या मैत्रिणीचा राग नाही. जगभर हेच आहे. माणूस आमच्याकडे झाला, हे सगळ्यांना मान्य. पण ती गोष्ट सांगायला आम्ही सोडून सगळे."

त्यामागे एक जुनी गोष्ट होती, ती तिने मला पुढे केव्हातरी सांगितली. तिच्या लहानपणी त्यांच्या भागात बाहेरचे शास्त्रज्ञ आले होते. तिच्या वडिलांनी, काकांनी त्यांना वाटा दाखवल्या, पाणी दाखवलं. एका टेकडीत एक कवटी मिळाली, ती पेटीत घालून नेली. नंतर सगळ्या जगात तिचं नाव झालं. टेकडीवाल्यांना ते कळलं एका ट्रकवाल्याच्या रेडिओवरून, आणि त्याच्यावर त्यांचा विश्वासही बसला नाही. नंतर कोणीतरी येऊन तिच्या वडिलांना एक टी-शर्ट दिला, छातीवर त्या कवटीचं चित्र. वडिलांनी तो अंगात घातला नाही. त्यांच्यात मेलेल्याचं हाड अंगावर मिरवत नाहीत.

म्हणून अकाईचा कायदा होता, आणि तो तिने स्वतःच स्वतःला घालून घेतला होता. हाड देशाबाहेर न्यायचं नाही, ते तिकडच्याच संग्रहालयात राहणार, ज्याला बघायचंय त्याने विमानाचं तिकीट काढावं. आणि जे काही सापडेल ते जगाला सांगण्याआधी त्या टेकडीच्या लोकांना सांगायचं. कागद पाठवून नाही. त्यांच्या झाडाखाली बसून, त्यांच्या भाषेत, त्यांचे प्रश्न संपेपर्यंत. त्यांनी "आता सांगा" म्हटलं की मगच छापायचं. "आधी टेकडीला सांगायचं," एवढंच म्हणायची ती. युनीत तिची यावरून चेष्टा व्हायची, ती तिला माहीत होती.

आणि मग तिला ते हाड मिळालं. एका लहान मुलीच्या जबड्याचा तुकडा, दोन दाढांसकट. मुलगीच का, ते मला विचारू नका, अकाईही खात्रीने सांगत नव्हती, पण "ती" म्हणायची. तिकडून परत आली तेव्हा विमानतळावरून थेट माझ्या स्वयंपाकघरात आली, सामान दारातच. ओट्यावरच्या पिठात बोटाने त्या जबड्याचा आकार काढून दाखवला. "अशी जागा आहे ही," म्हणाली, "जिथे कोणाला वाटलंच नव्हतं की तेव्हा माणसं होती. वाळूतला एक नवा ओघळ, मामा निखिल." तिचे डोळे तसे चमकलेले मी आधी पाहिले नव्हते, आणि नंतरही नाहीत.

सगळी तपासणी झाली, लेख लिहून तयार झाला. राहिलं काय, तर टेकडीला सांगणं. आणि तिकडे पाऊस नाही. गवत गेलं, तशी माणसं जनावरं घेऊन दूर डोंगरांकडे निघून गेली. टेकडीखाली कोणीच नाही. सांगायचं कोणाला?

तिच्याबरोबर काम करणारे एक प्रोफेसर होते इथले. वाईट माणूस नव्हे, मी केलेली थालिपीठं आवडीने खायचे. एका आर्वोला, म्हणजे दुपारी, ते तिच्याकडे आले तेव्हा मी तिथे शेंगा सोलत बसले होते.

"अकाई, शेजारच्या खोऱ्यात दुसरी टीम खणतेय," ते म्हणाले. "त्यांना काही मिळालं तर आपण संपलो. छापून टाकू. टेकडीवाल्यांना मागून सांगता येईल."

"आले की सांगू. मग छापू."

"कधी येतील?"

"पाऊस आला की."

"आणि पाऊस कधी येईल?"

"ते मी कसं सांगू?"

प्रोफेसरांनी कपाळ चोळलं. "त्यांना काही वाटणार नाही, मेट. खरंच."

"तू विचारलंस त्यांना?"

ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही तरी सांगा हिला."

मी काय सांगणार? मला तेव्हा प्रोफेसरांचंच पटत होतं. केवढी मेहनत त्या बाईची, आणि कोणासाठी थांबायचं, तर ज्यांचा पत्ताच नाही अशांसाठी. पण मी शेंगा सोलत राहिले. कारण तिच्या चेहऱ्याकडे बघितलं तर कळत होतं की हा हट्ट नाही. तिने शब्द दिला होता, आणि ज्यांना दिला ती माणसं ऐकायला समोर नव्हती, एवढ्याने तो शब्द सुटत नव्हता.

पाऊस आला नाही. पुढच्या वर्षीही धड आला नाही. आणि शेजारच्या खोऱ्यातल्या टीमने जाहीर करून टाकलं. तसाच जबडा, तसाच काळ. टीव्हीवर आलं, सगळीकडे झालं. इराने मला फोनवर दाखवलं आणि म्हणाली, "आजी, इजन्ट धिस अकाईज थिंग?" मी तशीच चप्पल अडकवून शेजारी गेले. ती दाराच्या पायरीवर बसली होती. मी शेजारी बसले. ती म्हणाली, "त्या खोऱ्यातल्या लोकांनाही रेडिओवरूनच कळणार."

पहिलेपण गेलं तसे पैसेही गेले. युनीत पुढच्या कामाला नकार आला. लोक तोंडावर हळहळले, मागे वेडी म्हणाले. निखिलसुद्धा म्हणाला, "आई, प्रिन्सिपल वगैरे ठीक आहे, पण हे म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला तिने." मी त्याच्याशी भांडले नाही. तिच्या घरात दिवसाही पडदे ओढलेले दिसायला लागले. हाडं नेणं थांबलं. मी रविवारी वेगळी काढून ठेवायचे, पिशवी आठवडाभर फ्रीजरमध्ये राहायची, मग केतकी गुपचूप कचऱ्याच्या बिनमध्ये टाकायची.

खोकला त्याच दिवसांतला. मी आलं-मध देत राहिले. ती घेत राहिली. डॉक्टरांकडे गेली तेव्हा उशीर झाला होता, दोन्ही फुप्फुसं दुखण्याने धरली होती. विमानाने जायचं नाही, हे डॉक्टरांनी पहिल्यांदा सांगितलं, बाकीचं नंतर. मी बरोबर होते. बाकीचं तिने शांतपणे ऐकून घेतलं. विमानाचं मात्र तीनदा विचारलं.

प्रोफेसर परत आले. या वेळी फुलं घेऊन, खालच्या आवाजात. "आता तरी छापू या. तुझं नाव पहिलं. तू असताना."

"मी असताना टेकडीला सांगायचंय," ती म्हणाली. "छापायला तू आहेस."

आणि बघा, त्याच सुमारास तिकडे पाऊस झाला. एकाल म्हणून तिचा जुना विद्यार्थी, तिकडच्या राजधानीत आता तोच मुलांना शिकवतो, त्याचा फोन आला. माणसं परतलीत. मी सभा बोलावतो. तुम्ही फोनवरून बोला, मी फोन धरतो. अकाईला ते पटलं नव्हतं. झाडाखाली बसून सांगणार, असं तिने सांगितलेलं होतं, काचेतून नव्हे. दोन दिवस ती त्याला उलट फोनच करेना. मग एका सकाळी मला म्हणाली, "मामा निखिल, मला उद्या नीट बसवशील?"

तिकडे सकाळ होती तेव्हा इथे चार वाजून गेले होते. मी तिला आंघोळ घातली. अंगात काही उरलं नव्हतं, हाडं हाताला लागत होती, आणि ही बाई मला त्या हाडांची नावं सांगत होती. लाल कापड तिने डोक्याला माझ्याकडून बांधून घेतलं, माळा घातल्या. नाकात नळी होती, ती काढ म्हणाली. मी नाही काढली. पाठीला उशा लावून खिडकीशी खुर्चीत बसवलं, फोन पुढ्यात पुस्तकांवर टेकवला.

एकालचा चेहरा आला, मग तो बाजूला झाला. मोठं काटेरी झाड, त्याखाली पन्नासेक माणसं. पुरुष छोट्या लाकडी बैठकांवर, बायका खाली, पोरं इकडेतिकडे, मागे शेळ्या. सगळ्यांत पुढे एक म्हातारी, माझ्याहूनही म्हातारी, हातात काठी. अकाई बोलायला लागली. मला शब्द एक समजत नव्हता. पण ती पिठात बोट फिरवून सांगायची ना, तसाच तिचा हात हवेत फिरत होता. मध्ये दम लागायचा, थांबायची. तिकडे कोणी चुळबूळ करायचं नाही. तिचा श्वास परत येईपर्यंत पन्नास माणसं गप्प बसून राहायची. पुन्हा सुरू.

मग प्रश्न झाले. बरेच झाले. ती उत्तरं देत होती, एकदा हसलीसुद्धा. शेवटी ती म्हातारी बोलली. अकाई थोडी थांबली आणि तिने मान हलवली. नाही, असं. म्हातारीने परत काही विचारलं. अकाईने परत मान हलवली, या वेळी खाली बघून. मग म्हातारीने तिसरं काहीतरी विचारलं, आणि अकाईने फोन उचलून माझ्याकडे वळवला.

मी गोंधळले. ओल्या टॉवेलसकट उभी होते. हात जोडले. तिकडे सगळे माझ्याकडे बघत होते. म्हातारी तर फोनच्या अगदी जवळ आली, काचेत तिचा एक डोळा आणि कपाळावरच्या रेघा तेवढ्या दिसत होत्या. तिने काहीतरी सांगितलं, मागे वळून लोकांनाही सांगितलं, तिथे गुणगुण झाली. मग एकाल फोनवर आला, अकाईशी दोन वाक्यं बोलला, आणि बंद झालं.

"काय विचारत होती?" मी म्हटलं.

"पहिल्यांदा विचारलं, ती लहान मुलगी मेली तेव्हा तिच्याजवळ कोण होतं. मी म्हटलं, हाडावरून ते कळत नाही. मग विचारलं, तू कधी येतेस. मी म्हटलं, येणार नाही. मग विचारलं, तुझ्याजवळ कोण आहे."

"आणि मला बघून काय म्हणाली?"

अकाईच्या तोंडावर जुनं हसू आलं जरासं. "म्हणाली, म्हातारी आहे, बरं झालं."

मग तिने प्रोफेसरांना फोन लावायला सांगितला. मी लावून कानाशी धरला. "त्यांनी सांगा म्हटलंय," ती एवढंच बोलली. पलीकडून ते काय म्हणाले मला ऐकू आलं नाही.

लेख पुढे आला. नवीन काही नाही, शेजारच्या खोऱ्यासारखंच अजून एक, असंच लोकांनी धरलं असावं. टीव्हीवर काही आलं नाही. इराने मला वाचून दाखवला. सुरुवातीला अकाईचं नाव, मग एकालचं, आणि प्रोफेसरांचं अगदी शेवटी. टेकडीच्या माणसांची नावं होती, पूर्ण नावं, कुळांसकट. इरा ती वाचताना अडखळत होती, मी तिला सावकाश वाचायला लावली. पण ते अकाईने पाहिलं नाही.

त्या दिवशीचंच सांगते आणि थांबते. फोन ठेवल्यावर मी उशा काढायला गेले, तर तिने हाताने नको म्हटलं. खिडकीतून अंगावर ऊन येत होतं. बराच वेळ गेला असेल, मला वाटलं डोळा लागला. तेवढ्यात ती म्हणाली, "दरवेळी मी निघाले की ती माणसं वाटेपर्यंत येतात. लवकर ये, असं ओरडून सांगतात. लहान होते तेव्हापासून, दरवेळी." दम घेतला. "आज कोणी ये म्हणालं नाही."

 मी म्हटलं, चहा टाकू का. ती हो म्हणाली. चहा दिला, तो तिने दोन्ही हातांत धरला, प्यायली नाही. इराला शाळेनंतरच्या क्लासमधून आणायची वेळ झाली होती, केतकीला त्या दिवशी उशीर होता. मी दहा मिनिटांत जाऊन येते म्हटलं. फाटकाशी जाऊन मागे बघितलं. इराला घेऊन परत आले तेव्हा दारात निखिलने बोलावलेली ॲम्ब्युलन्स होती, आणि मग हॉस्पिटलात ती शुद्धीवर अशी आलीच नाही. म्हणून मी तो फाटकाजवळून दिसलेला चेहराच शेवटचा धरते. खिडकीच्या काचेपलीकडे, डोक्याला लाल कापड, माळा नीट, पाठ ताठ, समोर तो बंद फोन. सभा अजून उठलेली नाही आणि आपण आधी कसं उठायचं, अशी बसली होती.